माडीवरच्या स्वयंपाकघराची लाकडी जमीन: सँडर लावण्याआधी पाणी शोधा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. आंजर्ल्याला तुमच्या सासरचं कौलारू घर आहे. वाटणीत माडीचा मागचा भाग तुमच्याकडे आला आणि साधारण ३० वर्षांपूर्वी सासूबाईंनी तिथेच स्वयंपाकघर मांडलं. जमीन सागाच्या रुंद फळ्यांची, तिच्यावर हिरवा ऑइलपेंट, त्यावर चिकटवलेलं लिनोलियम. यंदा गणपतीत लिनोलियमचा कोपरा उचलला तर खाली काळे डाग दिसले, सिंकपाशी दोन फळ्या मऊ लागल्या, आणि चालताना करकर तर होतीच. आता मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही दोघं स्वतःच सँडर (घासायचं यंत्र) मारणार, भेगा एपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या राळेने) भरणार आणि वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पॉलिश करणार. हे बरोबर होईल का, असं तुम्ही विचारलंय.

जमीन वाचेल आणि तुमच्या हाताने वाचेल, हे आधी सांगतो. दापोली-गुहागर पट्ट्यात मी ३० वर्षं जुन्या घरांचं सुतारकाम करतोय. मऊ पडलेल्या दोन फळ्यांपायी अख्खी जमीन उखडून टाइल्स घातलेली घरं पाहिली की जीव तुटतो. पण तुम्ही ठरवलेल्या चार गोष्टींपैकी मे महिना, एपॉक्सी आणि पीयू या तीन मी करू देणार नाही. सँडर चालेल, पण तो सगळ्यात शेवटी.

आधी मे महिन्याचं. आपल्या किनाऱ्यावर लाकूड वर्षभर श्वास घेत असतं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर जातो तेव्हा फळीतला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो, आणि पौष-माघात तो ११-१२ वर येतो. हा ओलावा फळीच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक करत नाही, रुंदीत मात्र करतो. १० इंच रुंदीची सागाची फळी हिवाळ्यातून पावसाळ्यात जाताना जवळजवळ एक सूत फुगते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका फळीला किरकोळ वाटतो. पण १० फुटी खोलीत अशा १२ फळ्या बसतात, म्हणजे सगळ्या मिळून सव्वा ते दीड इंच जागा मागतात. ती जागा भिंतीकडे मिळाली नाही की जमीन वर उचलते. मी स्वतंत्रपणे घेतलेल्या पहिल्याच कामात हे घडलं. वैशाखात फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या, सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही अशा, आणि त्याचा मला अभिमान होता. श्रावणात घरमालकांचा निरोप आला की मधली जमीन पाट ठेवल्यासारखी वर आलीय. दिवाळीनंतर ती सगळी काढून माझ्या खर्चाने पुन्हा बसवली. त्या दिवसापासून भेगेला मी दोष म्हणत नाही.

तुमच्या भेगांत एपॉक्सी भरली तर हेच होईल. एपॉक्सी दगडासारखी कडक होते, फळी फुगली की ती दबत नाही. मग एक तर फळीची कड चिरडते नाहीतर खिळे उपटून फळी उठते. हिवाळ्यात फळी आकसली की एपॉक्सीची पट्टी एका बाजूने सुटते आणि तिथे केसाएवढी फट राहते. त्या फटीत सांडलेलं पाणी जातं आणि तिथेच बसून राहतं. जुन्या सुतारांनी यासाठी फळ्यांच्या कडांना अर्धी अर्धी खाच मारून एक फळी दुसरीवर चढवलेली असते, किंवा सांध्याखाली पट्टी मारलेली असते. खालून माजघरातून वर बघा, कोणती पद्धत आहे ते लगेच कळेल. दोन्ही पद्धतींत भेग उघडली-मिटली तरी खाली कचरा पडत नाही. ती सोय तशीच राहू द्या. फक्त ज्या भेगेतून खरोखर माजघरात पाणी किंवा पीठ गळतं, तिच्यात सागाची पातळ चीप एका कडेलाच गोंद लावून बसवा. दुसरी कड मोकळी.

आता मुख्य गोष्ट. तुमची जमीन खराब झाली ती पायांनी नाही, पाण्याने. आणि ते पाणी अजून येतंय. ते कुठून येतं हे सापडल्याशिवाय वरून केलेलं काम दोन पावसाळे टिकेल, जास्त नाही.

जुन्या माणसांनी माडीवर मोरी केली नाही, त्याला कारण होतं. पाण्याचं सगळं काम मागीलदारी, जमिनीवर. माडी निजायला, भात-नारळ ठेवायला, पाहुण्यांना. वाटण्या झाल्या आणि चुली वेगळ्या झाल्या तेव्हा स्वयंपाकघरं माडीवर चढली. त्यांच्याबरोबर नळ आणि सिंक लाकडाच्या डोक्यावर आले. तुमच्या दोन फळ्या नेमक्या सिंकपाशी मऊ आहेत, म्हणजे तिथे गळती आहेच. नळाचा थेंब नसेल तर सिंकच्या भोकाचा सांधा, तोही नसेल तर ओट्याच्या मागची भिंत. लिनोलियमने बाकीचं केलं. खाली गेलेलं पाणी त्याच्याखाली अडकलं, वर उडून जायला वाट नाही, म्हणून ३० वर्षं फळी झाकणाखालच्या भाताप्रमाणे वाफेत राहिली. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. तो खाली आला की तिची वाढ थांबते. म्हणून मी फवारे मारण्याआधी गळती बंद करतो.

दुसरं पाणी छपरातून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कितीतरी घरांची कौलं उडाली आणि माड्या आठवडेच्या आठवडे भिजत राहिल्या. तुमचं छप्पर तेव्हा गेलं होतं का, ते घरच्यांना विचारा. गेलं असेल तर सिंकपासून लांबच्या काळ्या डागांचा उलगडा तिथे होईल. वादळ नसलं तरी वानरं आहेतच. एक मंगलोरी कौल चार बोटं सरकलं की पावसाळाभर तिथून ठिबकतं, आणि मुंबईत बसून ते कळत नाही.

म्हणून मेची सुट्टी वाया घालवू नका, पण तिच्यात वेगळं काम करा. लिनोलियम पूर्ण काढा, कौलं चाळून घ्या, सिंकची गळती बंद करा, खालून सगळ्या कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी आडवी लाकडं, तपासा आणि जमीन उघडी सोडून परत जा. पावसात गणपतीला याल तेव्हा पेन्सिलीने ओल्या जागांभोवती रेघा मारा आणि तारीख लिहा. त्या रेघा तुम्हाला कुठल्याही जाणकारापेक्षा जास्त सांगतील. दुरुस्ती आणि तेलकाम दिवाळी ते शिमग्याच्या मधे, शक्य तर नाताळच्या सुट्टीत.

कड्या तपासायला एक जाड दाभण आणि लाकडी मुठीचा हातोडा पुरे. माजघरात टेबलावर उभं राहून प्रत्येक कडीवर हळू ठोका. निरोगी कडी खणखणते, पोकळ कडी बद्द वाजते. सगळ्यात जास्त वेळ कडीच्या टोकांना द्या, जिथे ती चिऱ्याच्या भिंतीत शिरते. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो, आणि भिंतीतलं कडीचं टोक त्या ओल्या दगडात दाबलेलं असतं. बाहेरून कडी देखणी आणि आत टोक तपकिरीच्या पुडीसारखं भुसभुशीत झालेलं, हे मी अनेकदा पाहिलंय. टोकापाशी दाभण दाबा. दोन-तीन सूत जाऊन थांबलं तर काळजी नाही. बोटभर सहज आत गेलं तर ती कडी माझ्या हिशेबात गेलेली. तिला शेजारी नवी जोडकडी देऊन बोल्टने आवळायची, किंवा टोकाखाली खांब घ्यायचा. हे काम मात्र स्वतः करू नका. अनुभवी सुतार बोलवा, आणि दोनपेक्षा जास्त कड्या गेल्या असतील तर इंजिनिअरही. त्याआधी माडीवर वजन ठेवू नका.

कड्या साग नसतील, बहुधा ऐन किंवा किंजळ असेल. ही आपली रानातली मजबूत झाडं, तुळया-कड्यांना पूर्वी सर्रास वापरत. मधेच एखादी आंब्याची निघाली तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या, वाळवी आधी तिथेच जाते. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसतो, ती सालीकडची बाजू, तिला वाळवीही लागते आणि पीठ पाडणारा भुंगाही. म्हणून एखाद्या फळीच्या कडेला बारीक भोकं दिसली तर लगेच अख्खी फळी टाकू नका. चाकूने खरवडून बघा, गाभा लागला की किडा तिथेच थांबलेला असतो.

भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर मोडून टाका आणि त्या जमिनीपाशी कुठून निघतात ते शोधा. माजघरात भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं, पेंढा, रद्दी तिथून हलवा. कोऱ्या लाकडाला मी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर देतो: १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पूर्ण विरघळवायचं, ब्रशने दोन हात द्यायचे, पहिला सुकल्यावर दुसरा. हातमोजे घाला आणि भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. हे औषध पाण्याने धुऊन जातं, म्हणून ते सुकल्यावर वर तेल-वॉर्निश हवंच. अन्न शिजतं त्या जमिनीवर वासाची विषारी फवारणी करायला माझं मन कधी धजत नाही.

वजनाचा विषय निघाला म्हणून ओट्याचं बोलतो, कारण फोटोत विटांच्या भिंतींवरचा कडप्प्याचा ओटा दिसतोय. ८ फूट लांब, २ फूट रुंद कडप्पा पाऊण इंच जाडीचा धरला तरी ८० किलोच्या आसपास, आणि खालच्या तीन अर्ध्या विटेच्या भिंती प्रत्येकी १०० किलोच्या. भरलेला सिलिंडर, पाण्याचा पिंप आणि उभी माणसं वेगळी. हे पावणेचारशे-चारशे किलो बहुतेक दोन-तीन कड्यांवरच बसलेत. जमिनीचा तो कोपरा खाली बसलाय का ते पाण्याच्या लेव्हल पाइपने बघा. जुनी कडी शंभर वर्षांत अर्धा इंच वाकणं मला भीतीदायक वाटत नाही. पण ओट्यावर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी खोलीतून चालायला सांगा. पाणी सांडलं तर तिथे आधार हवा. माझं ठाम मत आहे की विटांचा ओटा काढा आणि स्टीलच्या चौकटीवर हलका ओटा करा, चौकटीचे पाय लांब आडव्या पट्ट्यांवर ठेवा म्हणजे भार पाच-सहा कड्यांवर पसरेल. आणि ओट्याखाली जमीन दिसेल, झाडता येईल, गळती त्याच दिवशी कळेल.

सिंक बाहेरच्या भिंतीला लावून घ्या. सांडपाण्याचा पाइप जमिनीतून खाली न नेता भिंतीतून थेट बाहेर काढा. सिंकच्या खाली, जमिनीवर, स्टीलचा ट्रे करून घ्या, दीड-दोन इंच काठ असलेला, किंचित बाहेरच्या बाजूला उतरता, आणि त्याला बोटभर जाडीची एक नळी भिंतीबाहेर सोडा. ही नळी मागीलदारी जिथून येता-जाता नजर पडेल तिथे संपू द्या. तिच्यातून थेंब पडताना दिसला की वर गळती आहे असं समजायचं. गेल्या काही वर्षांत माडीवर स्वयंपाकघर असलेल्या प्रत्येक घरात मी हे करवून घेतलंय आणि सगळ्या कामात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आता हिरवा रंग. त्यात मला खरी काळजी वाटते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा आपला नियम २०१६ चा, तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यावर कोरडा सँडर फिरवला तर शिशाची धूळ भांड्यांत, डब्यांत, मुलांच्या बोटांवर जाते. म्हणून रंग ओला करून काढायचा: पेंट रिमूव्हर लावा, फुगू द्या, पत्र्याच्या खरवडणीने फळीच्या रेषेच्या दिशेने ओढा, जमिनीभोवती प्लॅस्टिक अंथरा, एन-९५ मास्क लावा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नको. कामाचे कपडे वेगळे धुवा. निघालेले पापुद्रे आणि रंगवलेले फळीचे तुकडे न्हाणीच्या चुलीत घालू नका आणि माडाच्या आळ्यातही टाकू नका. आपल्याकडे लाकडाचा तुकडा दिसला की पाणी तापवायला जातो, म्हणून मुद्दाम बजावतो. पिशवीत बांधून बाजूला ठेवा, गावात धोकादायक कचरा घेण्याची सोय असेल तिथे द्या.

लिनोलियमचा चिकट थर गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडता येतो. गुंडाळीचं, कापडी पाठीचं असेल तर एवढंच. मात्र त्याच्याखाली जुन्या कडक चौकोनी टाइल्स किंवा डांबरासारखा काळा गोंद निघाला तर त्याला न घासता, न तोडता आधी तपासून घ्या. अशा जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

काळे डाग दोन जातीचे असतात आणि दोघांचा उपाय वेगळा. खिळ्याभोवती निळसर-काळं कडं दिसतं तो लोखंडाचा डाग. खारी हवा, ओलं लाकूड, लोखंडी खिळा: लाकडातल्या तुरट द्रव्याशी गंज मिसळला की काळी शाई तयार होते. शाई हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून लिहिण्याची शाई करत, ती हीच क्रिया. आणि ऐन, किंजळ ही हिरड्याच्याच कुळातली झाडं, म्हणून कड्यांवर हे डाग जास्त गडद दिसतात. हा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. १ लिटर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. डागावर ब्रशने लावा, अर्धा तास थांबा, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. हे विष आहे, हातमोजे-चष्मा लावा आणि सुकलेली पूड घासू नका, धुऊनच काढा. दुसरा डाग सिंकपाशीचा, पसरट, आणि दाभण टोचलं तर मऊ. तो कुजण्याचा, त्याला कुठलंही ॲसिड लागू पडत नाही. तेवढा तुकडा काढावा लागतो.

तो असा काढा. मऊ भागाच्या पलीकडे निरोगी लाकूड जिथे लागतं, तिथून पुढची कडी गाठा आणि फळी त्या कडीच्या बरोबर मध्यावर कापा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही टोकांना टेकायला अर्धी अर्धी कडी मिळेल. जोडायला लाकूड नवं विकत आणू नका. आजच्या बाजारातला साग बहुतेक लवकर तोडलेला असतो, त्याला फिकट पट्टा जास्त आणि गाभा कमी. कोकणात रोज कुठेतरी जुनं घर उतरवतात आणि वासे-फळ्या विकायला निघतात, तिथली सव्वा इंची जुनी फळी घ्या. त्याहूनही चांगलं म्हणजे तुमच्याच खोलीतल्या कपाटाखालची निरोगी फळी काढून सिंकपाशी आणा आणि बदली फळी कपाटाखाली घाला. रंग, जाडी, वय सगळं जुळतं. काढण्याआधी प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला खडूने नंबर आणि दिशा लिहून फोटो काढा.

जे खिळे घट्ट आहेत ते उपटू नका, सुंब्याने (खिळ्याच्या डोक्यावर धरून ठोकायच्या पोलादी कांडीने) एक सूत आत ठोका. सैल असतील तिथे स्टेनलेसचे स्क्रू, खारी हवा आहे म्हणून ३१६ जातीचे, नाहीतर पितळी. आधी ड्रिलने भोक पाडा. जुना साग ठिसूळ होतो, नुसता स्क्रू पिळला तर फळी उभी चिरते. खाचेच्या फळ्या असतील तर एकाच कडेला स्क्रू द्या, दुसरी कड शेजारणीच्या खाचेत मोकळी राहू द्या. भिंतीपाशी चारही बाजूंनी अर्धा इंच फट ठेवा आणि ती वरून पट्टीने झाका, पट्टी भिंतीला ठोका, फळीला नाही. करकर राहिली तर खालून कडी आणि फळी यांच्यात पातळ पाचर गोंद लावून सरकवा; फार जोर लावला तर फळीच उचलली जाईल. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासत असतील तर सांध्यात मेणबत्तीचं मेण चोळा.

घासकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोठं ड्रम सँडर आपल्याकडे भाड्याने मिळायचं नाही आणि मिळालं तरी लाटा पाडेल. हातातलं ऑर्बिटल पुरतं: ६०, मग ८०, मग १२० नंबरचा कागद, फळीच्या रेषेत. ग्राइंडरला कागद लावून घासायची पद्धत पडलीय, ती करू नका, चंद्रकोरीसारखे खड्डे पडतात आणि पॉलिश चढल्यावर ते जास्त दिसतात. मी अजूनही कोपरे पोलादी पात्याने खरवडतो. फळीवरच्या विळीच्या खुणा, पाटा ठेवल्याचे खळगे पूर्ण सपाट करायचा हट्ट धरू नका. त्यासाठी दोन-तीन सूत लाकूड उडवावं लागतं आणि ते परत येत नाही.

आणि पीयू. दिसायला फार सुंदर, हे मान्य. टेबलाला मीही मारतो. पण जमिनीवर फळ्या वर्षातून एकदा सूतभर फुगणार आणि आकसणार, पीयूची कातडी सांध्यांवर तडकणार, त्या तडीतून पाणी आत जाणार आणि वरून बंद असल्याने आतच राहणार. म्हणजे लिनोलियमचीच गोष्ट पुन्हा, फक्त पारदर्शक. शिवाय एका ठिकाणी खराब झालं की अख्खी खोली घासावी लागते. दमट हवेत मारलं तर बुडबुडे येतात किंवा दुधी पडतं. फ्रेंच पॉलिश तर स्वयंपाकघराच्या जमिनीला नकोच, लाखेवर गरम पातेलं आणि पाणी दोन्ही पांढरे डाग पाडतात.

मी वापरतो ते असं: एक भाग उकळलेलं अळशीचं तेल (दुकानात डबल बॉइल तेल म्हणून मागा), एक भाग चांगलं तेलाचं वॉर्निश, एक भाग टर्पेंटाइन. कापडाने चोळून लावायचं, २०-३० मिनिटं मुरू द्यायचं आणि मग वर राहिलेलं सगळं, अगदी सगळं, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. वर राहिलेलं तेल चिकट होतं आणि पावसात त्यावर बुरशी धरते. असे चार हात, प्रत्येकाच्या मधे एक ते दोन दिवस. शेवटच्या हाताला वॉर्निश दुप्पट करा. खालच्या बाजूलाही, माजघरातून, याचेच दोन हात द्या. एकच बाजू बंद केली तर फळी पन्हळीसारखी वाकते. आधी तिथली चुलीची काजळी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून पुसा, पण एका कोपऱ्यात करून बघा, सोड्याने ऐन काळा पडतो. खालून ऑइलपेंट मात्र कुणी सुचवलं तरी नको. चूल होती तोवर तिची ऊब आणि धूर या कड्यांना कोरडं ठेवत होते. आता गॅस आला आणि घर वर्षाचे दहा महिने बंद असतं. शेजारी किल्ली द्या आणि पावसात उघडीप मिळेल तेव्हा माडीच्या खिडक्या दोन तास उघडायला सांगा.

खोबरेल किंवा गोडंतेल लाकडाला चोळायचा सल्ला कुणी देईल. ती तेलं सुकत नाहीत, खवट होतात आणि मुंग्या आणतात. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, लाकूड टिकवायला ते खरंच चांगलं, पण कातडी भाजून फोड आणतं आणि काळं करतं. भिंतीत जाणाऱ्या कडीच्या टोकाला सुताराकडून लावून घ्या, जमिनीवर नको.

एक गोष्ट विसरू नका, कारण यात घर जळू शकतं. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर सुकताना स्वतःच तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. काम संपलं की प्रत्येक फडकं अंगणात चिऱ्यावर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बोळा करून पिशवीत कधीच नाही.

तुम्ही वेळ विचारलात. १२० चौरस फुटांच्या खोलीला दोन माणसांना रंग काढायला तीन-चार दिवस, फळ्या आणि खिळे दोन दिवस, घासायला दीड दिवस, आणि तेलाचे हात सकाळी एकेक तास असे आठवडाभर. त्या आठवड्यात जेवण खाली माजघरात करा. शेवटच्या हातानंतर सात-आठ दिवस थांबून सिंकपाशी, ओट्यापाशी आणि दारात चमचाभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी बघा. जिथे पाणी लाकडात शिरून डाग गडद झाला असेल तिथे आणखी एक हात द्या. तिन्ही ठिकाणी थेंब होऊन उभं राहिलं की शेगडी वर न्या.